बसकी खिडकी

अबोला धरावा तर चिंगीआत्याने. बोलणं बंद, बाकी सगळं चालू. दादांच्या चहात साखर बरोबर तेवढीच पडत होती, त्यांचा चष्मा रोज पुसून ठेवलेला असायचा. फक्त कप ठेवताना ती भिंतीकडे बघून म्हणायची, "चहा ठेवलाय. कुणाला हवा असेल तर." आणि दादाही भिंतीलाच उत्तर द्यायचे, "हवाय." त्या घरात सध्या भिंतीइतका मान दुसऱ्या कुणालाच नव्हता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बागेच्या तोंडाशी नवी फाटकं बसली होती. बाग म्हणायची ती नुसती सवयीने, झाडं कमी आणि पाळणे जास्त. आता लोकांनी तिकीट मोबाइलवर काढायचं, मोबाइल फाटकासमोर धरायचा, की फाटक आपोआप उघडणार. आज त्याची चाचणी होती. चाचणी नीट पार पडली की तिकिटाची खिडकी कायमची बंद, आणि त्या खिडकीत सगळा जन्म काढलेल्या आत्याने घरी बसायचं. हे दादांनी ठरवलं, ते ठरवोत बापडे, बाग चालवतात तेच. पण धाकट्या बहिणीला सांगितलं कुणी? कुणीच नाही. टेम्पोतून लोखंडी खांब उतरताना तिने खिडकीतून पाहिले, "हे कशाचं रे?" म्हणून विचारलं, आणि टेम्पोवाल्याने मोठ्या उत्साहाने तिला सगळं समजावून सांगितलं. सख्ख्या भावाच्या मनातलं बहिणीला टेम्पोवाल्याकडून कळावं! आता बोला.

त्या सकाळी बाग बंद होती तरी आत्याने खिडकी उघडलीच. कठडा ओल्या फडक्याने पुसला, खुर्ची झटकली आणि तिकिटांचे गठ्ठे उगाचच उजवीकडचे डावीकडे ठेवले. लाल तिकीट मोठ्यांचं, पिवळं मुलांचं.

त्या खिडकीचंही एक प्रकरण होतं. आबांनी, म्हणजे या भावंडांच्या वडिलांनी, बाग काढली तेव्हा आत्या शाळकरी होती. शाळा सुटली की तिकिटांच्या खोलीत येऊन बसायची आणि बाहेरचं काही दिसत नाही म्हणून भोकाड पसरायची. शेवटी आबांनी गवंडी बोलावला आणि खिडकी फोडून थेट तिच्या नाकासमोर आणली. "पोरगी वाढली की परत वर घेऊ," म्हणाले. पोरगी वाढलीच नाही! म्हणजे वयाने वाढली, पण उंची जी रुसली ती रुसलीच. मोठ्या पाळण्यात एकट्याने बसायला एक उंचीची रेघ आखलेली होती, तिच्या जेमतेम बोटभर वर जाऊन आत्या थांबली. खिडकी होती तिथेच राहिली, आणि तेव्हापासून बागेत येणारा प्रत्येक मोठा माणूस, मग तो साहेब असो की पैलवान, कमरेत वाकून तिकीट मागू लागला. खिडकी वर घेऊ या, असं दादांनी किती वेळा तरी काढलं. "वाकू देत की," आत्या म्हणायची. "आत जाऊन डोकं खाली पाय वर करून घेतात ते चालतं, आणि इथे जरा वाकलं तर कंबर लचकते होय?"

मुलांना मात्र ती खिडकी अगदी बरोबर बसायची. मुलं आली की त्यांचे डोळे आणि आत्याचे डोळे समोरासमोर. प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाबरोबर आलास रे?" मागे आई, मामा, आजोबा, कुणीतरी हात वर करायचं, मग तिकीट. मिशी फुटायच्या बेतात असलेली पोरं पिवळं तिकीट बघून कानकोंडी व्हायची. आई म्हणायची लहान आहे, पोरगा म्हणायचा मी लहान नाहीये. आत्या पैसे पिवळ्याचे घ्यायची आणि तिकीट लाल द्यायची. पोरगा ताठ मानेने आत जायचा, आणि संध्याकाळी दादा कपाळाला हात लावून बसायचे.

"आत्या, चल ना गं. सगळे थांबलेत."

खिडकीत ठकी वाकली होती. ठकी म्हणजे दादांची मुलगी. ही फाटकं आणायचं डोकं तिचंच. शिकून आली, चार मोठ्या बागा बघून आली आणि बापाच्या मागे लागली. आत्याच्या मांडीवर वाढलेली पोर, त्यामुळे आत्याला तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

"मला बोलावणं आलंय का कुणाचं?"

"मी आलेय की."

"तू काय, तू फाटकाच्या बाजूची."

"बाजू कसली गं! लोकांना उन्हात किती वेळ रांगेत उभं राहावं लागायचं, तूच म्हणायचीस ना?"

"म्हणायचे. रांग आखूड करा म्हटलं होतं. मलाच काढून टाका असं नव्हतं म्हटलं."

ठकीचा चेहरा पडला. ती कठड्यावर कोपर टेकून तशीच वाकून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पहिली तू जावंस असं बाबांचं म्हणणं आहे. आधी घरचं माणूस."

हा आबांचा दंडक. नवा पाळणा येवो, लाकडी घोडे रंगून येवोत नाहीतर छोट्या गाडीचे रूळ बदलोत, पहिली फेरी घरच्या माणसाने मारायची, मग गिऱ्हाइकाने. वहिनी लग्न होऊन आल्या आणि नवलाई ओसरायच्या आत त्यांना नव्या घसरगुंडीच्या टोकाला नेऊन उभं केलं होतं. डोळे गच्च मिटून, किंचाळत खाली आल्या बिचाऱ्या. घरातला प्रत्येकजण कशा ना कशात पहिला बसला होता. एकटी आत्या कधीच नाही. ती खिडकीत असायची.

"बाबांचं म्हणणं आहे तर बाबांना तोंड नाही का?" आत्या म्हणाली. "मला शेवटी एक मान द्यायचा आणि वाटेला लावायचं, कळतंय मला. जा, येत नाही मी."

ठकी गेली. जाताना तिने डोळे पुसले ते आत्याने पाहिलं आणि तिला स्वतःचाच राग आला. पण राग आला म्हणून कुणी उठून जातं का? ती बसून राहिली.

थोड्या वेळाने बाजूचं दार वाजलं. घरची माणसं याच दाराने यायची-जायची, समोरच्या वाटेने कधी कुणी आलं नाही. वहिनी थर्मास घेऊन आत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि दोन कप भरले.

"तुम्हालाही धाडलं वाटतं?" आत्याने विचारलं.

"मला कोण धाडतंय? मी माझी आले. वन्सं, एक सांगू? चिडणार नसाल तर."

"चिडलेलीच आहे. सांगा."

वहिनींनी कप खाली ठेवला. "गेल्या उन्हाळ्यात तुम्ही इथे चक्कर येऊन पडलात."

"ऊन लागलं होतं जरा."

"जरा? तुम्ही बेशुद्ध होतात, तुम्हाला काय ठाऊक! बाहेर ही गर्दी. खिडकीत कुणी दिसेना म्हणून लोक ओरडायला लागले, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. ह्यांनी तुम्हाला उचलून आणलं, एकट्यांनी. या वयात. आणि तुम्हाला खाटेवर ठेवून मागच्या अंगणात जाऊन रडले. मी इतक्या वर्षांत यांना रडताना पाहिलं नव्हतं हो. दुसऱ्याच दिवशी ठकीला म्हणाले, तुझी ती फाटकं बसवू."

कपातल्या चहावर साय धरली तरी तिने तो उचलला नाही.

"मग हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमच्याच घराण्यातले ना! सांगतात कधी? जमाना बदललाय म्हणाले, खर्च परवडत नाही म्हणाले, सगळं म्हणाले, खरं तेवढं सोडून." वहिनींनी थर्मासचं झाकण लावलं. "आणि मीही मान डोलावली. मला वाटलं, तुम्हाला विसावा मिळेल. तुम्हाला विचारावं हे माझ्याही मनात आलं नाही. चुकलंच माझं."

"तुमचं काय चुकलं? विसावा घेऊन मी करू काय, वहिनी? घरी बसून त्या भिंतीशी बोलू?"

वहिनींना हसू फुटलं. आत्याने खूप आवरलं, पण तिलाही फुटलं. हसताहसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "इथे बसले की मी कोणीतरी असते. तिकडे घरी मी नुसती आत्या."

वहिनींनी तिचा हात धरला. मग आत्याच उठली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला. बघू तरी काय दिवे लावलेत."

फाटकाशी सगळा गोतावळा जमला होता. दादा पाठीमागे हात बांधून उभे होते. थोरला, म्हणजे दादांचा मुलगा, पाळण्यांची देखभाल बघायचा, त्याचे हात नेहमीसारखे वंगणाने काळे. फाटकं बसवणाऱ्या कंपनीचा माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. आत्याला येताना पाहून ठकी धावतच पुढे आली आणि तिने बाकीच्यांना पाठवलं होतं तसं आत्याच्या मोबाइलवरही तिकीट पाठवलं.

"हे बघ, हा चौकोन. तो त्या काचेसमोर धरायचा. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि समोरच्याकडे बघायचं कुणी?"

"फाटक बघतं मॅडम," कंपनीचा माणूस म्हणाला. "वर डोळा आहे त्याला. मोठा माणूस आला की हिरवा दिवा, लहान मूल आलं की पिवळा."

"तोंड बघून ओळखतं?"

"नाही, उंचीवरून. रेघ ठरवून दिलीय."

"मोठ्या पाळण्याचीच रेघ लावलीय, आत्या," थोरला म्हणाला. "आबांचीच. वेगळी कशाला?"

आत्याने मोबाइल दोन्ही हातांत धरला. आपल्याला धाकधूक होते आहे हे तिचं तिलाच खरं वाटेना. असंख्य माणसं या दारातून तिने आत सोडली, आणि आज स्वतः जायचं तर ही गत! तिने चौकोन काचेसमोर धरला. टिंग वाजलं. फाटक उघडलं नाही. वर पिवळा दिवा लागला.

सगळे बघतच राहिले. पहिला हसला तो थोरला.

"अरे देवा! आत्या, पिवळं तिकीट!"

मग कंपनीचा माणूस हसला, वहिनींनी तोंडावर हात धरला. तरुणपणी त्या रेघेच्या बोटभर वर असलेल्या आत्याला वयाने जरा वाकवलं होतं, आणि ते बोटभर केव्हा गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दुसरा कुठला दिवस असता तर आत्या स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली असती. आज तिचा चेहरा एवढासा झाला. ज्या दारात तिने कित्येक पोरांना लाल तिकीट देऊन मोठं केलं, त्या दाराने तिला लहान ठरवून बाहेर ठेवलं होतं.

"हसू नका रे!" ठकी थोरल्यावर ओरडली. "तू ती रेघ लावायच्या आधी विचारायचं नाही का?"

"मला काय माहीत! आत्या तेवढीच वाटते मला, लहानपणापासून."

"सॉरी मॅडम, मी उंची कमी करून देतो," कंपनीचा माणूस गडबडीने म्हणाला.

"थांबा," आत्या म्हणाली. फाटकाच्या पडद्यावर अक्षरं आली होती. तिने चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "सोबत कोण आहे?"

आत्याने मान वळवून ठकीकडे पाहिलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," ठकी म्हणाली. "सगळ्यांची फाटकं नुसती 'प्रवेश नाही' म्हणतात. मी भांडून हे घालून घेतलं. मूल एकटं आलं तर फाटक उघडत नाही, आधी विचारतं. आत्या, मी हरवले होते ते आठवतं तुला?"

न आठवायला काय झालं? सुट्टीचा दिवस, बाहेर मुंगीला वाट नाही अशी गर्दी, आणि एवढीशी ठकी आईचा हात सोडून कुठेतरी गेलेली. घरची सगळी माणसं माना उंच करून शोधत होती. आत्याने खिडकीतून मान वरही केली नव्हती. तिच्या समोर नुसते पाय होते, मोठ्यांचे पायच पाय, आणि त्या पायांच्या मधून एक रडवेलं तोंड. "कुणाबरोबर आलीस गं?" तिने सवयीने विचारलं होतं. आणि पोर म्हणाली होती, "तुझ्याबरोबर."

"उंच खिडकी असती तर मी दिसलेच नसते कुणाला," ठकी म्हणाली. "म्हणून तो डोळा खाली बघणारा घेतला. म्हणून हा प्रश्न. तुला सांगायचं होतं गं, पण तू बोलतच नव्हतीस."

आत्याने तिला जवळ ओढलं. वाकावं ठकीलाच लागलं, ते नेहमीचंच होतं. "वेडे," आत्या म्हणाली, "माझंच बोलणं त्याच्या तोंडात घातलंस आणि मलाच सांगितलं नाहीस. शेवटी बापाचीच लेक."

मग तिने डोळे पुसले आणि कंपनीच्या माणसाकडे वळली. "आणि सोबत खरंच कुणी नसलं तर? पोर एकटंच असलं तर काय करतं तुमचं फाटक?"

"घंटी वाजते मॅडम. मग स्टाफमधलं कुणीतरी येतं."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

त्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने ठकीकडे. ठकीने बापाकडे.

फाटकावर दिवा तसाच पिवळा होता. सोबत कोण आहे, ते विचारतच होतं. दादांनी पाठीमागचे हात सोडले. ते एक एक पाऊल टाकत बहिणीच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिच्याकडे बघणं त्यांना अजून जमत नव्हतं, म्हणून ते पडद्याकडेच बघत होते. इतके दिवस भिंत होती, आता फाटक.

"बाबा, तुमचा मोबाइल—" ठकी म्हणाली.

दादांनी ऐकलंच नाही. पडद्याकडे मान उंचावून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्याबरोबर आहे ती!"

कंपनीचा माणूस म्हणणार होता की असं बोलून चालत नाही, यंत्राला ऐकू येत नाही. वहिनींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प बसला. ठकीने वडिलांच्या खिशातून मोबाइल काढला आणि काचेसमोर धरला. टिंग वाजलं. दादांनी आत्याचा हात धरला. फाटक उघडलं.

दोघं आत गेली. समोरच्या वाटेने, तिकीट काढून, जन्मात पहिल्यांदा. इथून बाग वेगळीच दिसत होती. आबांनी मोठा पाळणा नेमका वाटेच्या समोर का उभा केला ते आत्याला आज कळलं. पाऊल टाकलं की थेट तोच दिसत होता.

"केवढा आहे रे हा," ती म्हणाली. भिंतीला नाही, दादाला.

"हो ना." दादांनी मान डोलावली. थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "चिंगे, तू त्या दिवशी डोळेच उघडत नव्हतीस. मी हाका मारत होतो."

"वहिनींनी सांगितलं."

"मला सांगता आलं नाही. तुला घरी बस म्हणायची हिंमतच झाली नाही. आणि त्या कोंदट खोलीत पुन्हा बसलेलं बघवलंही नसतं."

"मला विचारायचं होतंस, दादा."

"विचारायचं होतं," दादांनी मान्य केलं. मग जरा अडखळत म्हणाले, "आता विचारू? ती घंटी वाजली की कुणीतरी यायला लागणार. फाटकाच्या आत सावली करून देतो. पंखा लावतो. मोकळ्या हवेत. बसशील?"

आत्याने लगेच उत्तर दिलं नाही. एवढ्या दिवसांचा अबोला काय असाच फुकट सोडायचा? पाळण्याच्या निम्म्या वाटेवर गेल्यावर ती म्हणाली, "खुर्ची बसकी हवी."

"बसकीच आणतो."

"आणि पिवळा दिवा लागून एखादं पोरगं कानकोंडं झालं, तर त्याला मी लाल तिकीट देणार. कपाळाला हात लावायचा नाही."

"दे बाई," दादा म्हणाले. "हवी तेवढी दे."

मागे फाटकाशी टिंगटिंग चालू झालं होतं. वहिनी, थोरला, ठकी एकेक करून आत येत होते आणि कंपनीचा माणूस खूश होऊन काहीतरी ओरडत होता. आत्याने वळून पाहिलं. फाटकाच्या पलीकडे तिची खिडकी उघडीच राहिली होती. संध्याकाळी लावून घेऊ आपल्या हाताने, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तेवढं म्हणताना बरंच दुखलं.

"दादा, हात सोड आता," ती म्हणाली. "आलो आपण आत."

"असू दे," दादा म्हणाले. "गर्दी आहे."

समोर सगळी बाग रिकामी पडली होती. घोडे ताडपत्रीखाली होते, गाडी रुळावर उभी होती, वाटेवर एक माणूस नव्हता. आत्याने हात काढून घेतला नाही.